डासाचे परदेशातले बिऱ्हाड

गेल्या आठवड्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले होते. ताप नव्हता, खोकला नव्हता. रक्तदाब तपासून झाल्यावर ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक शंका आहे. पूर्वी कॉइल लावली की डास पटापट पडायचे. आता त्याच कॉइलच्या डबीवर येऊन बसतात. औषधात भेसळ आहे, की डासच बदलले?" बाहेर पेशंटांची रांग होती, म्हणून "दोन्ही असू शकेल, गुरुजी" एवढेच बोलून मी त्यांची बोळवण केली. पण शंका रास्त होती, आणि तिचे खरे उत्तर फार दूर, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊन शोधावे लागते. म्हणून आजचा लेख.

प्रथम एक खुलासा. रात्री कानाशी गुणगुणणारे बहुतेक डास क्युलेक्स जातीचे असतात. ते गटारात आणि घाण पाण्यात वाढतात. ते हत्तीरोग पसरवतात, हिवताप नव्हे. हिवताप, म्हणजे मलेरिया, पसरवणारा डास अ‍ॅनॉफेलिस. भिंतीवर बसला की त्याची शेपटी वर उचललेली असते, जणू भिंतीत खिळा तिरपा ठोकला आहे. त्याच्या अनेक जाती आहेत. खेडेगावात ओढ्याकाठी, भाताच्या खाचरात, कालव्यात वाढणारे वेगळे, आणि शहरात माणसाने साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा वेगळा. या शहरी डासाचे शास्त्रीय नाव अ‍ॅनॉफेलिस स्टीफेन्सी.

या डासाचे आपल्या विदर्भाशी जुने नाते आहे. विल्यम ग्लेन लिस्टन नावाचे इंग्रजी अमदानीतले एक वैद्यकीय अधिकारी त्या काळी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला होते. तेथील अ‍ॅनॉफेलिस डासांच्या सवयी त्यांनी वर्षभर पाहिल्या आणि १९०१ साली त्यावर लेख लिहिला. त्याच वर्षी त्यांनी या डासाला नाव दिले. भारतात येऊन हिवतापाचा अभ्यास करणाऱ्या स्टीफेन्स नावाच्या शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ ते स्टीफेन्सी झाले. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात आज या डासाचे नाव घेतले जाते, तेव्हा त्याच्या जन्मदाखल्यावर गाव अचलपूर असते. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट नाही, पण माहीत असावी. पुढे १९११ च्या अहवालात डॉ. बेंटले यांनी मुंबईच्या हिवतापाचे मूळ घरोघरच्या विहिरी आणि टाक्यांतल्या याच डासात आहे असे दाखवले. विहिरी बंद करा म्हणताच तेव्हा मुंबईत मोठी ओरड झाली होती. पाण्याच्या साठ्याला हात लावला की लोक चिडतात, हा अनुभव आमच्या आरोग्य सेवकांना आजही येतो.

शंभर वर्षे हा डास मुख्यतः भारत, पाकिस्तान, इराण आणि अरबस्तानचा काही भाग अशा आशियातल्या टापूत राहिला. आफ्रिकेत हिवतापाने दरवर्षी लाखो माणसे मरतात, पण तिथला मुख्य डास वेगळा. तो पावसाच्या डबक्यात, खेड्यापाड्यांत वाढणारा. त्यामुळे आफ्रिकेतली शहरे तुलनेने सुरक्षित होती. मग २०१२ साली लाल समुद्राच्या तोंडाशी असलेल्या जिबूती या छोट्या देशाच्या राजधानीत स्टीफेन्सी सापडला. जिबूती म्हणजे मोठे बंदर. आपल्या बाजूची जहाजे तिथे सतत जातात. त्या वर्षी त्या देशात हिवतापाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते. रोग जवळजवळ संपल्यात जमा होता. २०२० साली हा आकडा ७३ हजारांच्या वर गेला. देशाची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास! सगळा दोष एकट्या डासाला देता येणार नाही, पण मोठा वाटा त्याचाच मानला जातो.

तो तिथे थांबला नाही. २०१६ साली शेजारच्या इथिओपियात आढळला, त्यानंतर सुदान, सोमालिया, नायजेरिया, घाना आणि केनियातही. इकडे श्रीलंकेला सप्टेंबर २०१६ मध्ये हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, आणि काही महिन्यांतच मन्नार भागातल्या विहिरींत हाच डास निघाला. इथिओपियातल्या दिरे दावा शहरात २०१९ च्या संपूर्ण वर्षात हिवतापाचे २०५ रुग्ण होते. २०२२ च्या पहिल्या पाच महिन्यांतच ते २,४०० च्या वर गेले, आणि तेही कोरड्या दिवसांत, पावसाचा थेंब नसताना. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की हा डास आफ्रिकेच्या शहरांत सर्वत्र पसरला तर आणखी १२ कोटी ६० लाख माणसे धोक्याच्या पट्ट्यात येतील.

आता खरा प्रश्न. जहाजातून डास गेले असतील तर किती गेले असतील? हजारो नक्कीच नव्हे. कुठल्या पिंपात थोड्या अळ्या, कुठल्या खोलीत दोन-चार माद्या. एवढ्या मूठभर किड्यांपासून पुढे एवढा वंश कसा वाढतो? आणि तो दुबळा कसा होत नाही? हे समजण्यासाठी आनुवंशिक विविधता म्हणजे काय हे थोडे पाहावे लागेल. घाबरू नका, सोपे आहे.

आपल्या भागात सिकलसेल हा आजार सर्वांना माहीत आहे. रक्तातील एका जनुकात किंचित फरक असतो. तो फरक आई आणि वडील दोघांकडून आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक ठरतो. तो सहसा ठणठणीत असतो, आणि गंमत अशी की गंभीर हिवतापापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. म्हणजे एकाच जनुकाचे दोन नमुने समाजात असतात आणि परिस्थितीनुसार कधी एक उपयोगी पडतो, कधी दुसरा. अशा हजारो जनुकांचे अनेक नमुने एखाद्या जातीत असणे, याला आनुवंशिक विविधता म्हणतात. ती त्या जातीची शिल्लक पुंजी असते. रोजच्या खर्चाला लागत नाही, पण दुष्काळ पडला, रोग आला, विष फवारले, की तीच कामाला येते.

आता धान्याच्या पोत्याची कल्पना करा. पोत्यात ज्वारी, बाजरी, गहू, मूग, मटकी सगळे मिसळलेले आहे, आणि शंभर दाण्यांत एखादाच दाणा राजगिऱ्याचा आहे. त्यातून मूठभर दाणे काढून नव्या शेतात पेरले तर तिथे ज्वारी-बाजरी नक्की उगवेल, राजगिरा बहुधा येणार नाही. नव्या जागी गेलेल्या किड्यांचे असेच होते. मूळ देशात असलेले पुष्कळ विरळ नमुने मागेच राहतात. नवी वसाहत पहिल्या दिवसापासून पुंजीने गरीब असते.

किती गरीब, याचे गणित मांडता येते. डासाची मादी साधारणपणे आयुष्यात एकदाच नराशी जुळते आणि ते बीज पोटात साठवून ठेवते. अशी एकच मादी जहाजातून उतरली तरी तिच्याबरोबर दोन जिवांची जनुके येतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती तिच्या, दोन नराच्या, मिळून चार. शंभरात एक असा विरळ नमुना या चार प्रतींत असण्याची शक्यता शंभरात केवळ चार. दहा डास उतरले तर वीस प्रती होतात आणि शक्यता शंभरात अठरा. शंभर डास उतरले तर दोनशे प्रती आणि शक्यता सत्त्याऐंशी.

त्यातून नात्यातच संबंध. एकाच आईची पिल्ले आपसांत जुळणार, म्हणजे दडलेले दोष उघडे पडणार. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. तिच्यातून काही घराण्यांत आजार कसे उमटतात ते मी तीस वर्षे पाहतो आहे. मग अशी नात्यात गुरफटलेली, पुंजी नसलेली वसाहत आपोआप खंगून जायला हवी, असे कोणालाही वाटेल. बऱ्याच जातीही असतील. एखाद्या बंदरात चार डास उतरले आणि मेले, याची नोंद कोण ठेवतो?

पण कित्येक खंगत नाहीत. फ्रान्समधले एक उदाहरण सांगतो. आशियातली एक काळसर गांधीलमाशी चीनमधून आलेल्या सामानातून बहुधा तिथे पोचली. २००४ साली ती प्रथम दिसली. मधमाश्या मारून खाणारी ही जात पाहता पाहता शेजारच्या देशांत पसरली आणि २०१६ साली इंग्लंडातही सापडली. शास्त्रज्ञांनी तिच्या जनुकांची तपासणी केली तेव्हा निष्कर्ष निघाला की ही सगळी फौज एकाच राणीची संतती असावी. त्या राणीची आधीच काही नरांशी गाठ पडली होती, एवढेच. नात्यातल्या संबंधांची किंमत तिने मोजली आहे, तिच्या पोळ्यांत निरुपयोगी सदोष नर जास्त निघतात. तरीही ती पसरली. एका राणीवर!

याचे इंगित पुन्हा पोत्याच्या गणितात आहे. विरळ दाणे सुटतात हे खरे, पण सर्रास असलेले दाणे सुटत नाहीत. एका जोडीपासून सुरू झालेल्या वसाहतीतही मूळच्या विविधतेचा साधारण तीन चतुर्थांश भाग पहिल्या पिढीत टिकतो. दहा जणांपासून सुरुवात झाली तर ९५ टक्के. अट एकच. वसाहत भराभर वाढली पाहिजे. ती पिढ्यान् पिढ्या मूठभरच राहिली तर दरवर्षी आणखी काहीतरी गळत जाते. डासाची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे ती अट डासाला जड नाही. समोर उघडी टाकी मिळाली की झाले.

आता गुरुजींच्या शंकेकडे येतो. औषधाला दाद न देण्याचा गुण हाही जनुकांचाच. काही डासांच्या शरीरात विष मोडून टाकणारी पाचक द्रव्ये जास्त प्रमाणात तयार होतात. काहींच्या मज्जातंतूवर जिथे औषध चिकटायचे ती जागाच किंचित बदललेली असते, कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली लागू नये तशी. असे डास फवारणी सुरू होण्यापूर्वीही असणारच, पण राजगिऱ्यासारखे विरळ. आपण डीडीटी मारले, मॅलॅथिऑन मारले, पुढे पायरेथ्रॉइड जातीची औषधे आली. घरातल्या कॉइल, वड्या, यंत्रातली द्रव औषधे बहुतेक याच जातीची असतात. प्रत्येक वेळी साधे डास मेले आणि न मरणाऱ्यांची पिल्ले उरली. शंभरात एक असलेला नमुना हळूहळू शंभरात पन्नास झाला असे उदाहरणादाखल धरा. आता वरचे गणित पुन्हा करा. एकच मादी उतरली, चार प्रती आल्या, तरी त्यांत तो नमुना असण्याची शक्यता शंभरात चौऱ्याण्णव होते. चारची चौऱ्याण्णव!

मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रवासाच्या त्या चिंचोळ्या बोळातून विरळ गुण जात नाहीत, सर्रास झालेले जातात, आणि कोणता गुण सर्रास व्हायचा ते बऱ्याच अंशी आपण घरी काय फवारतो त्यावर ठरते. इथिओपियात सापडलेल्या स्टीफेन्सीची तपासणी केली तेव्हा तो पायरेथ्रॉइडसह अनेक प्रकारच्या कीटकनाशकांना दाद देत नव्हता. विष मोडणारी पाचक द्रव्ये अडवणारे दुसरे रसायन आधी दिल्यावर मात्र तो पुन्हा मरू लागला. त्यावरून कळले की त्याचे कसब बरेचसे त्या द्रव्यांत आहे. आफ्रिकेच्या नव्या शहरात येतानाच तो शिकून सवरून आला असावा, असा माझा तर्क आहे. तिथल्या फवारणीनेही त्यात भर घातली असेल.

जनुकांचा दुसरा उपयोग पोलिसी तपासासारखा आहे. पेशीतील काही जनुके फक्त आईकडूनच मुलांना मिळतात. आईचे आडनाव चालावे तसे ते चालते. इथिओपियातल्या डासांची ही आडनावे तपासली तर ती दक्षिण आशियातल्या डासांशी, पाकिस्तानातल्या डासांशी विशेष, जुळली. तसेच तिथे एकच आडनाव निघाले नाही, अनेक निघाली. एकाच मादीची सगळी संतती असती तर एकच निघायला हवे होते. म्हणजे एकतर बरेच डास एकदम आले, किंवा पुन्हा पुन्हा येत राहिले. दिरे दावा हे तर रेल्वेमुळेच वसलेले शहर, जिबूती बंदराला जोडलेले. अशी दळणवळणाची नाकी त्याच्या फैलावाची केंद्रे असल्याचे पुढच्या अभ्यासात दिसले. माणूस आणि माल जिथे उतरतो तिथे तोही उतरतो.

पुन्हा पुन्हा येण्यात मोठी मेख आहे. पहिल्या खेपेला सुटलेला राजगिरा दुसऱ्या खेपेला येतो. निरनिराळ्या गावचे डास नव्या जागी एकत्र येतात आणि मूळ गावी कधी झाले नसते असे मिश्रण तिथे तयार होते. म्हणून एखाद्या देशाने "आमच्याकडे तो आलाच आहे, आता बंदरावर तपासणी कशाला?" असे म्हणणे चूक आहे. आलेल्या वसाहतीची गरिबी टिकवायची असेल तर नवी खेप अडवलीच पाहिजे. आपल्या शेतकरी वाचकांना मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आठवत असेल. ती २०१६ साली आफ्रिकेत दिसली आणि २०१८ साली कर्नाटकातून भारतात नोंदली गेली. सुरुवातीला तिच्याबद्दलही समजूत होती की एकच टोळी आली आणि पूर्वेकडे सरकत गेली. पुढे जनुकांचा सखोल अभ्यास झाला तेव्हा अनेक खेपा झाल्या असाव्यात असे चित्र पुढे आले.

इतके सगळे वाचून गृहिणी विचारतील, आम्ही काय करायचे? तर ऐका. मोठ्या डासाला औषधाची सवय होऊ शकते. अळीला झाकणाची सवय होऊ शकत नाही. पाण्याच्या टाकीवर घट्ट झाकण असेल, हवेच्या नळीला जाळी असेल, तर डासाची जनुके कशीही असोत, त्याला अंडी घालता येत नाहीत. आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा असे आरोग्य खाते सांगते, त्यामागे आठ-दहा दिवसांचे तेच गणित आहे. रांजण, ड्रम, हौद रिकामे करून आतून घासा, नुसते पाणी ओतून भागत नाही. मोठा हौद रिकामा करता येत नसेल तर गप्पी मासे सोडा. ते हिवताप विभागाकडे मिळतात.

आणि आपला वैदर्भीय कूलर! मार्चमध्ये गवत बदलून तो सुरू होतो आणि जूनमध्ये बंद झाला की तळाचे पाणी तसेच राहते. खिडकीला टेकलेली ती टाकी म्हणजे डासाला आयते बाळंतघर. एकदा विजेरी घेऊन आत पाहा. अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाशी आडव्या, काडीसारख्या पडलेल्या दिसल्या तर त्या अ‍ॅनॉफेलिसच्या. डोके खाली आणि शेपटी वर अशा लोंबकळत असतील तर त्या इतर जातींच्या, त्यात डेंग्यूच्या डासाच्याही असू शकतात. दोन्ही सारख्याच ओतून द्याव्यात, आणि गटारात नव्हे, कोरड्या मातीवर.

धुराच्या गाडीबद्दल माझे मत थोडे कडू आहे. साथ आली असताना तिचा उपयोग आहे. एरवी मात्र ती गल्लीतून गेली की नगरसेवकाचे समाधान होते, मुले मागे पळतात आणि दोन दिवसांनी डास पूर्ववत. कमी पडलेले, अर्धवट मारलेले औषध म्हणजे डासांची शाळाच. घरातही तसेच. कॉइल आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवून दारे उघडी टाकणे यात दम्याच्या पेशंटला त्रास होतो, तो वेगळाच. खिडक्यांना जाळ्या आणि पलंगाला मच्छरदाणी यांना कुठल्याच जनुकाचा उतारा नाही. मात्र हा शहरी डास पुष्कळदा संध्याकाळीच, माणसे अंगणात बसलेली असताना चावतो. तेव्हा तिन्हीसांजेला लहान मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

ताप आला, थंडी वाजून आला किंवा नुसताच आला, तर आधी रक्ताची तपासणी, मग गोळ्या. मेडिकलमधून दोन गोळ्या घेऊन ताप उतरवून येणारे पेशंट मला दर पावसाळ्यात भेटतात, आणि मग काचेवर जंतू दिसेनासे झालेले असतात. तपासणीत हिवताप निघाला तर डॉक्टरांनी दिलेली मुदत पूर्ण करा. साध्या व्हायवॅक्स हिवतापात यकृतात दडून बसणाऱ्या जंतूंसाठी चौदा दिवसांच्या वेगळ्या गोळ्या असतात. त्या गरोदर बाईला देत नाहीत आणि काही माणसांच्या रक्ताला सोसत नाहीत, म्हणून त्या शेजाऱ्याच्या उरलेल्या पाकिटातून घेऊ नयेत.

परवा गुरुजी पुन्हा आले तेव्हा मी त्यांना हे सगळे थोडक्यात सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या कूलरमधला डास जहाजात बसून आफ्रिकेला जाईल म्हणता?" मी म्हटले, "गुरुजी, तो इथून थेट जाणार नाही. पण शेजारच्या घरात नक्की जाईल." दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तेव्हा गुरुजी आणि त्यांचा नातू कूलरचे गवत काढून टाकी अंगणात उपडी करत होते. शेजारीण कुंपणापलीकडून विचारत होती, "काय झालं गुरुजी, कूलर विकायला काढला का?"